कृपा, विश्वास आणि नियमशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात, बायबल अभ्यासाच्या गटात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे कोल्हापूर शहरातले, गडहिंग्लजचे, इचलकरंजीचे. प्रश्न मात्र तेच ते. नावं काढून टाकली आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं प्रॉटेस्टंट भूमिकेतून दिली आहेत, कारण आम्ही त्याच परंपरेत वाढलो. जिथे इतर मंडळ्या वेगळं म्हणतात, तिथे तसं सांगितलं आहे. वचनांचे अंक कंसात आहेत. ते उघडून वाचा, नुसतं आमच्या शब्दावर जाऊ नका.

1. "कृपेने तारण" हे प्रत्येक उपदेशात ऐकतो. साध्या भाषेत त्याचा अर्थ काय?

देवाने तुम्हाला आपलं म्हटलं, ते येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं त्यामुळे. तुमच्या चांगल्या-वाईटाची बेरीज जमली म्हणून नव्हे. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित पौल लिहितो की हे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं. ते देवाचं दान आहे, तेव्हा कोणी बढाई मारायचं कारण नाही (इफिस 2:8-9). पाठांतर बहुतेकांचं इथेच थांबतं. पुढचं दहावं वचन सांगतं की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलं आहे. म्हणजे सत्कृत्यं आहेतच, पण त्यांची जागा स्वीकारानंतरची. खालची बरीच उत्तरं या क्रमावर उभी आहेत.

2. नियमशास्त्र म्हणजे दहा आज्ञाच ना?

दहा आज्ञा हा गाभा. पण बायबलमध्ये नियमशास्त्र म्हटलं की बहुधा मोशेची पाचही पुस्तकं अभिप्रेत असतात. यहुदी परंपरा त्यातल्या आज्ञा 613 मोजते: 248 करायच्या, 365 टाळायच्या. त्यांत खून, चोरी, व्यभिचार यांसारख्या नीतीच्या गोष्टी आहेत, याजकांचे आणि अर्पणांचे विधी आहेत, शिवाय एका राष्ट्राचे दिवाणी कायदेही आहेत. तुमच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला शिंग मारून ठार केलं तर भरपाई कशी द्यायची, इथपर्यंत.

उपदेशांत एक चित्र हमखास चुकीचं रंगवलं जातं: यहुदी लोक नियम पाळून देवाची मर्जी विकत घेत होते आणि येशूने येऊन ते बंद केलं. निर्गमचा विसावा अध्याय काढा. पहिल्या आज्ञेच्या आधी देव स्वतःची ओळख करून देतो: मिसरच्या दास्यातून तुला बाहेर काढणारा तो मीच. आधी सुटका, मग आज्ञा. जुन्या करारातही क्रम हाच होता.

3. नियमांनी तारण होणारच नव्हतं, तर देवाने ते दिले कशाला?

पौलाचं एक उत्तर असं की नियमशास्त्राने पापाची जाणीव होते (रोम 3:20). रक्तातली साखर किती वाढली हे तपासणीचा रिपोर्ट सांगतो. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवल्याने साखर उतरत नाही. दुसरं उत्तर गलती 3:24 मध्ये आहे. त्या काळी सधन घरांत मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, त्याच्यावर नजर ठेवणारा एक गुलाम असे. नियमशास्त्र तसं होतं, ख्रिस्त येईपर्यंत सांभाळणारं. मुलगा मोठा झाला की त्याचं काम संपतं.

तिसरा उपयोग सोळाव्या शतकात कॅल्विन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाने ठासून मांडला: विश्वास ठेवलेल्या माणसाला देवाला काय आवडतं हे कळावं, म्हणून नियमशास्त्र वाचायचं. आपल्याकडे याला विशेष अर्थ आहे. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि 1870 मध्ये त्यांचं मिशनचं काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. प्रेसबिटेरियन म्हणजे कॅल्विनच्याच वळणाचे. कोल्हापूरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत दहा आज्ञा मुखोद्गत करून घेतात, त्यामागे हे आहे. त्या पाठ करणं कृपेच्या विरोधात नाही. त्या पाठ आहेत म्हणून देव खूश आहे असं वाटू लागलं, तर मात्र गडबड आहे.

4. आमचं घराणं मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. माझा विश्वास वेगळा तपासायची गरज आहे का?

आहे. विश्वास म्हणजे दाखल्यावरचा धर्म नव्हे, आणि देव आहे एवढं मान्य करणंही नव्हे. तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब लिहितो (2:19). विश्वास म्हणजे ख्रिस्तावर भार टाकणं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. बायबलचा अभ्यास, समाजकार्य, सगळं जोरात चालू होतं. पुढे काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त अजून मिळायचा आहे. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. एवढ्या विदुषीला हा फरक कळायला वर्षं लागली, तर तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या आपल्यासारख्यांनी स्वतःला हा प्रश्न विचारण्यात कमीपणा कसला?

5. कृपाच आहे म्हटल्यावर कसंही वागलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, असं तो स्वतःच विचारतो आणि लगेच झटकून टाकतो (रोम 6:1-2). त्याचं म्हणणं असं की बाप्तिस्म्यात तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात. मेलेल्या माणसावर जुन्या मालकाची हुकमत चालत नाही.

आमचा अनुभव मात्र सांगतो की हा प्रश्न विचारणारे दोन जातींचे असतात. एकाला खरंच पळवाट हवी असते. दुसरा नियमांचा कडक भोक्ता असतो आणि कृपेचा उपदेश ऐकून घाबरतो, की उद्या पोरं बिघडतील. पहिल्यासाठी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय. दुसऱ्यासाठी लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊ, जो घर न सोडताही बापापासून दूर होता.

6. पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कृतीने. दोघांतलं खरं कोण?

रोम 3:28 आणि याकोब 2:24 शेजारी ठेवले तर सरळ भांडण दिसतं. प्रॉटेस्टंट चळवळीला तोंड फोडणाऱ्या मार्टिन ल्यूथरलाही याकोबाचं पत्र पचायला जड गेलं होतं. पण दोघांसमोरची माणसं वेगळी आहेत. पौलासमोर सुंता करून घ्या, तरच देवाचे व्हाल, असं सांगणारे आहेत. याकोबासमोर उपाशी भावाला "जा, सुखाने राहा" म्हणून हात हलवत परत पाठवणारे आहेत. दोघंही अब्राहामाचं उदाहरण घेतात, पण प्रसंग वेगवेगळे. पौल उत्पत्ती 15 घेतो, जिथे अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. याकोब उत्पत्ती 22 घेतो, जिथे तो विश्वास बऱ्याच वर्षांनी कसाला लागला. मुळात विश्वास नसेल तर कृती म्हणजे देखावा. आणि कृती कधीच नसेल तर विश्वासही तोंडचाच.

7. येशू तर म्हणाला, मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही. मग?

पूर्ण करायला आलो, असं त्याच वाक्यात आहे (मत्तय 5:17). तो अध्याय पुढे वाचा: खुनाची आज्ञा तो रागापर्यंत नेतो, व्यभिचाराची नजरेपर्यंत. म्हणजे माप त्याने कमी केलं नाही, वाढवलं. एवढं वाढवलं की कोणीही छातीवर हात ठेवून "मी पाळलं" म्हणू शकणार नाही. ज्याने ते पाळलं तो एकच, आणि त्याचं पाळणं आपल्या खात्यावर धरलं जातं.

8. साखर कारखान्यात सीझनला रविवारीही ड्युटी असते. शब्बाथ मोडल्याचं पाप लागतं का?

नाही. मोशेच्या नियमांतला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, हा शनिवार. पहिल्या मंडळ्या प्रभूच्या पुनरुत्थानाची आठवण म्हणून आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमू लागल्या (प्रेषितांची कृत्ये 20:7). रविवारी सुट्टी असावी हा सरकारी कायदा पुढे 321 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने केला. तोवर गुलाम असलेले ख्रिस्ती लोक पहाटे किंवा रात्री जमत आणि दिवसभर कामावर जात. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो. ज्याने त्याने मनाची खात्री करून घ्यावी, असं रोम 14:5 सांगतं. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट बांधव शनिवार पाळतात. त्यांच्याशी यावरून वाद घालण्यात हशील नाही (कलस्सै 2:16).

विश्रांतीची गरज मात्र खरी आहे. बारा तासांची पाळी संपवून आलेल्या माणसाला "उपासनेला का नव्हतास" असं विचारण्याआधी, त्याला झोप मिळाली का हे विचारावं.

9. रक्ती खाल्लेली चालते का? बायबलमध्ये रक्त मना आहे असं ऐकलं.

मटणावर जीव असलेल्या गावात हा प्रश्न येणारच. मनाई आहे, आणि फक्त जुन्या करारात नाही. यरुशलेमच्या सभेने (प्रेषितांची कृत्ये 15) परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं आणि मोशेच्या नियमांचं ओझं लादलं नाही, पण चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तींना अर्पण केलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म.

आता यातलं आजही किती लागू? ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या नियमांत रक्ताची मनाई आहे. 692 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तसा ठराव केला होता. पाश्चात्त्य परंपरेतल्या बहुतेक मंडळ्या, आपल्याही, असं मानतात की जारकर्माची मनाई कायमची, खाण्याची कलमं त्या वेळेपुरती. यहुदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीत बसू शकावेत, यासाठी ती होती. मोशेचं शास्त्र गावोगावच्या सभास्थानांत वाचलं जातं, असं कारण याकोबाने तिथेच दिलं आहे.

तेव्हा रक्ती खाल्ल्याने तारणाला धक्का लागत नाही. पण तुमच्या ताटाशेजारी बसणाऱ्या आजींना ते पाहून खरोखर त्रास होत असेल, तर त्या दिवशी सुकं मटण मागवा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

10. शेजारच्या काकू नवरात्रात अंबाबाईचा प्रसाद आणून देतात. घ्यायचा की नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. करिंथ शहरातही हाच पेच होता, म्हणून पौलाने त्यावर तीन अध्याय खर्च केले (1 करिंथ 8 ते 10). तो एका वाक्यात निकाल देत नाही, प्रसंग वेगळे करतो.

बाजारात मिळणारं मांस कुठून आलं याची चौकशी न करता खा, पृथ्वी प्रभूची आहे (10:25-26). विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर जा आणि वाढलेलं खा. तिथे कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका. तुमच्या नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. आणि देवळातल्या पूजेच्या पंगतीत सामील होणं, म्हणजे त्या उपासनेचाच भाग होणं, याला तो स्पष्ट नाही म्हणतो (10:21).

काकूंचा लाडू यात कुठे बसतो? प्रामाणिकपणे, सीमेवर. आमच्यातले काही जण घेतात आणि खातात: मूर्तीला काही सत्ता नाही, लाडू रव्याचा आहे आणि काकूंची माया खरी आहे. काहींना खाताना मन खातं, विशेषतः जे स्वतः अलीकडेच विश्वासात आले आहेत त्यांना. त्यांनी खाऊ नये. जे विश्वासाने होत नाही ते त्यांच्यापुरतं पाप आहे (रोम 14:23). आमचं मत असं की दोन्ही हातांनी आणि तोंडभरून आभार मानून घ्यावा. खायचा नसेल तर काकूंना घरातल्यासारखं सांगावं, "काकू, आम्ही प्रसाद खात नाही, पण तुम्ही आठवणीने आणलात, बरं वाटलं." बहुतेक काकूंना हे कळतं. नाताळला आपला केक त्या खातातच ना.

घेऊन मागच्या दाराने कचऱ्यात टाकणं मात्र करू नका. त्यात ना विश्वास आहे ना प्रेम. बकरी ईदच्या वाट्यालाही हाच विचार लावावा.

11. मंगळसूत्र, टिकली, हिरव्या बांगड्या: ख्रिस्ती बाईने घालू नयेत असं एका पास्टरांनी सांगितलं.

कुठल्या वचनावरून, हे त्यांना नम्रपणे विचारा. बहुधा 1 पेत्र 3:3 पुढे येईल. तिथे सोन्याबरोबर कपड्यांचाही उल्लेख आहे आणि कपडे घालू नका असं कोणी म्हणत नाही. शोभा आतली असावी, एवढा मुद्दा. मराठी ख्रिस्ती घरांत काळ्या मण्यांत क्रूस ओवलेलं मंगळसूत्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते लग्नाचं चिन्ह आहे, वधूवरांच्या समाजाचं आहे.

कोणाच्या मनात टिकलीचा संबंध पूर्वीच्या पूजेशी घट्ट जोडलेला असेल आणि ती सोडावीशी वाटत असेल, तर तो तिचा निर्णय. तो दुसरीच्या कपाळावर लादायचा नाही. मोशेच्या 613 आज्ञांतून सुटका करून घ्यायची आणि मग टिकली, सिनेमा, नेलपॉलिश अशी स्वतःची नवी यादी मानगुटीवर बसवायची, हा प्रकार आपल्याकडे फार आहे. मोशेची यादी निदान देवाने दिलेली होती.

12. आमच्या मंडळीत सोयरीक ठरवताना अजून मूळची जात विचारतात. याचा कृपेशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. गलतीकरांस पत्रातला सगळ्यात तापलेला प्रसंग जेवणाच्या पंगतीचा आहे (2:11-14). अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली, तसा तो हळूच बाजूला सरला. त्याचं पाहून बाकीचे यहुदीही उठले, बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर खडसावलं. हा पंक्तिभेद सुवार्तेच्या सरळ वाटेने जात नाही, असं त्याचं म्हणणं. आणि माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांनी नव्हे, ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो, हे प्रसिद्ध वाक्य लगेच पुढे, सोळाव्या वचनात येतं. म्हणजे ज्या सिद्धान्तावर आपण वर्षानुवर्षं उपदेश ऐकतो, तो या पत्रात एका मोडलेल्या पंगतीवरून मांडला गेला आहे.

कोल्हापूरला हे वेगळं समजवायला नको. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा गिऱ्हाईक फिरकेना. शाहू छत्रपती स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. 1902 साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाचं हे गाव. अशा गावातल्या मंडळीने प्रभुभोजनाचा प्याला एकत्र घ्यायचा आणि मुलीचं स्थळ बघताना "मूळचे कोण" असं दबक्या आवाजात विचारायचं? मुलगा-मुलगी एकमेकांना शोभतात का, घरं जुळतात का, हे जरूर बघा. पण जात विचारणारा माणूस पेत्राने केली तीच गोष्ट करतो, आणि पेत्राला निदान सांगणारा भेटला होता.

13. दशमांश हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा की कपातीच्या आधीच्या?

नव्या करारात मंडळीसाठी टक्केवारी कुठेही ठरवून दिलेली नाही. जुन्या करारात दशमांश एकच नव्हता: उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशासाठी एक (गणना 18), सणाच्या वेळी परमेश्वरासमोर स्वतः खाण्यासाठीचा उल्लेख आहे (अनुवाद 14), आणि दर तिसऱ्या वर्षी परके, अनाथ, विधवा यांच्यासाठी. हे सगळं धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचं. त्याचा पगारपत्रकाशी काटेकोर मेळ घालता येत नाही. पौलाची सूचना अशी की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीने नको. संतोषाने देणारा देवाला प्रिय आहे (2 करिंथ 9:7).

दहा टक्के हे चांगलं माप आहे, पुष्कळांनी त्यावर शिस्त लावून घेतली आहे आणि काही जण त्याहून जास्त देतात. पण उसाचं बिल थकलंय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे आणि दशमांश चुकला म्हणून मलाखी 3 मधला शाप लागेल, या भीतीने कोणी सावकाराकडे जात असेल, तर त्या मंडळीत काहीतरी चुकतंय. शाप ख्रिस्ताने आपल्यावर घेतला (गलती 3:13).

14. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) मटण सोडणं हेही कर्मकांडच ना?

कशासाठी सोडता त्यावर आहे. कॅथलिक मंडळीत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला उपवासाचा नियम आहे, 18 ते 59 वयाच्या लोकांसाठी. मांसवर्ज्याचा 14 वर्षांपासून. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सक्ती नाही, पण कोल्हापुरात अनेक घरं 40 दिवस पाळतात. मन प्रार्थनेकडे वळावं, वाचलेले पैसे कोणाच्या तरी उपयोगी पडावेत, यासाठी असेल तर उत्तमच. चाळीस दिवस तोंड पाडून फिरायचं आणि ईस्टरला तांबड्या-पांढऱ्यावर उट्टं काढायचं, तर मत्तय 6:16 वाचा.

15. कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात, हे खरं का?

असं सरसकट म्हणणं चूक आहे. ल्यूथरच्या 1517 च्या आवाहनानंतर वाद पेटला हे खरं, आणि कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या परिषदेने (1545 ते 1563) प्रॉटेस्टंटांची मांडणी नाकारली हेही खरं. पण देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो, हे मत त्याच परिषदेने आधी धिक्कारलं होतं. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही. फरक उरले आहेत, मुख्यतः कृपा माणसाला आतून बदलते ते नीतिमान ठरण्याचाच भाग की त्याचं फळ, यावर. तेवढ्या फरकासाठी शेजाऱ्याला "कर्मावाले" म्हणायची गरज नाही.

16. माझा वारकरी मित्र म्हणतो, कृपेबद्दल आमचे तुकोबाही हेच सांगतात. काय उत्तर देऊ?

आधी ऐकून घ्या. विठ्ठलापुढे आपलं काही नाही, त्याने पदरात घ्यावं, ही आर्तता संतांच्या अभंगांत पानोपानी आहे, आणि पोकळ कर्मकांडावर तुकोबांनी ओढलेले कोरडे अनेक पाळकांना झेपणार नाहीत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, ते म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

फरक कुठे आहे तेही लपवू नका. ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो तेव्हा तो एका ऐतिहासिक घटनेकडे बोट दाखवतो: रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत यरुशलेमबाहेर झालेला वधस्तंभ आणि तिसऱ्या दिवसाचं पुनरुत्थान. मित्राला एवढं सांगा. वाद जिंकण्यापेक्षा त्याच्यासोबत रंकाळ्यावर एक फेरी जास्त कामाची.

17. दारू सोडतो, पुन्हा पितो. प्रत्येक वेळी क्षमा मिळते का, की एकदा संपते?

मिळते. पेत्राला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगणारा स्वतः मोजत बसत नाही (मत्तय 18:22, काही भाषांतरांत सत्त्याहत्तर). पौलानेही लिहिलं आहे की जे करायचं नाही तेच मी करतो (रोम 7:15).

पण व्यसन हा आजारही आहे. प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे जा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला जा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कोणी सांगितलं तर मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल आठवा: 1894 पासून ते मिशनच्याच माणसांनी उभं केलं.

18. आयुष्यभर लोकांना लुबाडलेला माणूस मरताना "प्रभू, क्षमा कर" म्हणाला, तर त्याला स्वर्ग? हा न्याय आहे का?

वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला मिळाला (लूक 23:43). न्याय वाटत नाही, आणि येशूला ते ठाऊक होतं. म्हणून त्याने द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली, ज्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसाची पूर्ण मजुरी मिळते आणि सकाळपासून राबलेले चिडतात (मत्तय 20). ज्यांना लुबाडलं त्यांचे पैसे मात्र त्यामुळे फिटत नाहीत. जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत केले (लूक 19:8). वेळ हातात असताना पश्चात्ताप केला, तर परतफेड करावी लागते.

19. नवरा मारतो. मंडळीतली वडीलधारी माणसं म्हणतात, कृपेने क्षमा कर आणि नांद. तसंच करू का?

ताई, नाही. क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे. कृपेने अपराध्याला देवासमोर क्षमा मिळते; त्याने केलेल्या गुन्ह्याचे परिणाम त्यामुळे पुसले जात नाहीत. राज्यसत्तेला दुष्कर्म रोखण्यासाठी देवाने नेमलं आहे, हेही पौलानेच लिहिलं (रोम 13:4). कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा आहे. त्यात राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षण आदेश मागण्याचा हक्क आहे. जीवाला धोका असेल तर 112 वर फोन करा, माहेरी किंवा सुरक्षित जागी जा. क्षमेचं पुढे, तुमच्या सवडीने, देवासमोर बघता येईल. त्याने खरंच पश्चात्ताप केला आहे का, हे त्याच्या वागण्यावरून ठरेल, रविवारच्या रडण्यावरून नाही. (प्रश्न 18 मधली परतफेडीची गोष्ट त्यालाही लागू.)

20. एकदा मिळालेलं तारण गमावता येतं का?

कॅल्विनच्या परंपरेत नाही, वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेत हो. पहिले योहान 10:28 दाखवतात, दुसरे इब्री 6:4-6. कोल्हापुरात दोन्ही विचारांची माणसं एकाच बाकावर बसतात. "मी गमावलं तर नाही ना" या काळजीने झोप उडालेल्याला योहान वाचायला द्यावा. "आता माझं कोण काय बिघडवतंय" म्हणणाऱ्याला इब्री.

21. कृपेने जगायचं तर चर्चची घटना, सभासद नोंदणी, ठराव हे सगळं कशाला?

कारण तारण मिळालेली माणसंही चाव्या हरवतात आणि हिशेब विसरतात. सर्व काही शिस्तवार व्हावं, असं 1 करिंथ 14:40 सांगतं. हे नियम घर चालवण्याचे आहेत, देवाकडे जाण्याचे नाहीत, म्हणून वार्षिक सभेत बहुमताने बदलताही येतात. वर्गणी थकली म्हणून कोणाला प्रभुभोजन नाकारणं आम्हाला चूक वाटतं. लग्नाच्या नोटिशीचं तेवढं वेगळं: ती भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 प्रमाणे आधी द्यावीच लागते, तेव्हा पत्रिका छापायच्या आधी पाळकसाहेबांना भेटा.